उंटाची चाल

उंटाने उजवा पाय उचलला आणि तो तसाच उचलून उभा राहिला.

वहिनी वाट बघत बसली. कॉम्प्युटरच्या खोक्यातला पंखा घरघरायला लागला, मग गुरगुरायला लागला, मग तर टेबलावरचा चहाचा कप बशीत थरथरू लागला. आणि एकदम उंटाने चार पावलं गिळून टाकली, पडद्याच्या दुसऱ्या टोकाला उडी मारली आणि पुन्हा थिजला.

"मेला का गं तो?" पलीकडच्या पलंगावरून सासूबाईंनी विचारलं.

"नाही आई. विचार करतोय."

"दोन महिने विचार करतोय! एवढ्यात लोक लग्न करून पस्तावूनसुद्धा मोकळे होतात."

वहिनीचं काम ॲनिमेशनचं. नवरा बोटीवर इंजिनिअर, वर्षातले सात-आठ महिने पाण्यावर. म्हणून घरात ती, सासूबाई आणि धाकटा दीर अशी तीनच माणसं. दीर तिला वहिनी म्हणायचा, ते ऐकून दूधवाला म्हणू लागला, मग शेजारीपाजारी, आणि आता बँकेतली माणसंसुद्धा "या वहिनी" म्हणायची. लहान मुलांच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलने तिला एक छोटी फिल्म करायला दिली होती. चष्मा घालायला नको म्हणणारा एक उंट असतो, त्याला वाळूची टेकडी समजून भलत्याच गोष्टीवर चढायची सवय असते, आणि शेवटी तो चष्मा घालतो. बस, एवढीच गोष्ट. पण हा उंट वहिनीने मोठ्या हौसेने केसाळ केला होता, आणि तिच्या सात वर्षांच्या जुन्या कॉम्प्युटरला ते केस झेपत नव्हते. उंट खरोखर कसा चालतो हे बघायचं असेल तर चार सेकंदांचा तुकडा रेंडरला लावायचा, म्हणजे एकेक चित्र शिजवायला कॉम्प्युटरच्या हवाली करायचं, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही, म्हणून वहिनीने तो अजून एकदाही लावला नव्हता. फिल्म द्यायला तीन आठवडे उरले होते.

"आता या खोक्याचं काहीतरी करायलाच हवं," वहिनी त्या दिवशी जेवताना म्हणाली.

भावजींचा घास हातातच राहिला. ते बसच्या तिकीट ऑफिसात खिडकीमागे बसायचे, आणि खिडकीसमोर गर्दी नसली की फोनवर कॉम्प्युटरचे व्हिडिओ बघायचे. गर्दी बहुतेक नसायचीच. या क्षणाची ते कित्येक महिने वाट बघत असावेत, कारण यादी त्यांच्या खिशात तयार होती.

"ग्राफिक्स कार्ड सगळ्यात मोठं. त्यात तडजोड नाही, वहिनी. मग पाण्याने थंड होणारा प्रोसेसर. काचेचं कॅबिनेट, आत रंगीत दिवे."

"दिवे कशाला?" सासूबाई म्हणाल्या.

"दिव्यांनी... तसं काही होत नाही. पण बरं दिसतं."

"मी झोपते त्या खोलीत. माझ्या उशाशी लखलखाट नको. आणि पाणी म्हणजे काय, ते गळलं तर?"

"आई, तुला यातलं काही कळत नाही."

"तुला कळतं ना? मग सांग, तो उंट अडतो कशाने?"

भावजींनी पाण्याचा ग्लास उचलला आणि ते बराच वेळ पाणी पीत राहिले.

सासूबाईंनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. स्वतःचं छोटं दुकान, डोळ्याला भिंग, हातात चिमटा. डोळे थकले म्हणून दुकान बंद केलं, पण आधी बिघाड शोधायचा आणि मगच पुर्जा बदलायचा ही खोड काही गेली नव्हती. मुलाच्या पाठीमागे त्या वहिनीला म्हणाल्या, "हा उंटावरचा शहाणा आहे. तू आपली दुकानात जाऊन विचार."

दुसऱ्या दिवशी वहिनी दुकानात गेली, अर्थात भावजी बरोबर आलेच. सुट्या भागांचं ते दुकान एका जिन्याखाली होतं. आत जाताना वाकावं लागे आणि बाहेर पडताना हमखास डोकं आपटे. दुकानदारबाईंनी अंबाड्यात स्क्रू-ड्रायव्हर खोवला होता. भावजींनी यादी वाचून दाखवली. बाईंनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"काम काय करता, ताई?"

"ॲनिमेशन. सध्या एक उंट आहे."

"केस आहेत त्याला?"

"पुष्कळ."

"हं. रेंडरला वेळ लागतो हा त्रास आहे, की काम करतानाच तो चालून दाखवत नाही हा?"

वहिनीला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. तिने जरा विचार केला. "चालून दाखवत नाही हा. रेंडर काय, लावून ठेवलं की होतं कधीतरी. पण मी पाय हलवते आणि तो कसा हलला ते मला दिसतच नाही. डोळे बांधून शिवणकाम करावं तसं झालंय."

"मग आज काही घेऊ नका," बाई म्हणाल्या. भावजींचा चेहरा उतरला. "घरी जा. उंट चालवा, आणि तो अडला की कॉम्प्युटरमध्ये कामाचा तक्ता उघडून बघा. प्रोसेसर किती भरलाय, रॅम किती, कार्ड किती. कागदावर लिहून आणा."

"गिऱ्हाईक परत पाठवणारी दुकानदार पहिल्यांदा बघितली," बाहेर पडता पडता भावजी म्हणाले आणि त्यांनी डोकं आपटून घेतलं.

घरी आल्यावर तिघंही कॉम्प्युटरपुढे बसली. उंट चालला, अडला. तक्त्यात रॅमची रेघ थेट छताला टेकली होती, सत्त्याण्णव टक्के. प्रोसेसरच्या आठ चौकटींपैकी एक काठोकाठ भरली होती आणि बाकीच्या सात जवळजवळ रिकाम्या. ग्राफिक्स कार्ड घाम न गाळता थोडंफार काम करत होतं.

सासूबाई पडद्याजवळ तोंड नेऊन बघत राहिल्या. "म्हणजे घरात आठ जावा, स्वयंपाक एकटी करतेय, आणि सात जणी बघत बसल्यात."

"तसंच काहीसं," वहिनी हसली. "हे काम एकीनंच करायचं असतं, वाटून घेता येत नाही."

"मग ती एक चपळ हवी. आणि रॅम म्हणजे?"

"ओटा. भांडी ठेवायला जागा."

"तो भरलाय, म्हणून ती दर वेळी भांडं खाली ठेवते नि वर उचलते. यात तुझं मोठं कार्ड काय करणार रे?"



दुकानदारबाईंनी कागद बघितला आणि पाच मिनिटांत सांगून मोकळ्या झाल्या. मदरबोर्ड तोच ठेवायचा. त्यावर बसणारा नव्या पिढीचा प्रोसेसर घ्यायचा. त्याच्या चौकटी आठच, पण एकेक दुप्पट चपळ. रॅम चौपट. वर एक मोठा, सावकाश फिरणारा पंखा, म्हणजे आवाज कमी. कार्डाचं पुढे बघू. हॉस्पिटलने दिलेल्या आगाऊ रकमेत एवढं बसत होतं. वहिनीने पिशवी उचलली.

पण रविवारी जुळणी करायला बसावं, तर भावजी बाहेरून एक लांबलचक खोकं छातीशी धरून आले.

"हे माझ्याकडून," ते म्हणाले. कान लाल झाले होते. "ऑफिसातून बोनस मिळाला होता. तुम्ही दादाच्या मागे सगळं घर ओढता, वहिनी. मी आपला बडबडच करतो."

खोक्यात ग्राफिक्स कार्ड होतं. तीन पंख्यांचं, हाताच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत लांब. वहिनीने ते दोन्ही हातांनी उचलून पाहिलं. सासूबाईंनी मात्र उठून शिवणाच्या डब्यातली टेप आणली. आधी कार्ड मोजलं, मग कॅबिनेटच्या आतली जागा मोजली, आणि टेप गुंडाळत म्हणाल्या, "चार बोटं बाहेर राहतंय."

"पत्रा कापू या थोडा," भावजी म्हणाले.

"तू त्या पत्र्याला हात लाव, मी तुझे कान कापते."

तरीही त्यांनी तिरकं घालून पाहिलं, उलटं घालून पाहिलं, बाळाला अंगडं घालावं तसं हळूच सरकवून पाहिलं. बसलं नाही. शेवटी खोकं तसंच दुकानात नेलं. बाईंनी हसू दाबलं असावं, कारण त्या काउंटरखाली वाकल्या आणि बराच वेळ वर आल्या नाहीत. मग त्यांनी ते परत घेऊन एक आखूड कार्ड आणि त्याला पुरेसा पॉवर सप्लाय दिला. "केसाळ उंटाला याचा उपयोग होईल, दादा," त्या म्हणाल्या. "चांगलीच भेट दिलीत." भावजी बाहेर पडताना नीट वाकले.

जुळणी सासूबाईंनी केली. वहिनीने टॉर्च धरला आणि दुकानदारबाईंनी लिहून दिलेल्या सूचना वाचल्या. भिंग लावलेल्या सासूबाई एकेक स्क्रू बशीत ठेवत होत्या आणि तोंडाने पुटपुटत होत्या, "किती धूळ, बाई! श्वास तरी कसा घेत होता हा." प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारी वाटाण्याएवढी पेस्ट लावली, पंखा बसवला. रॅमच्या पट्ट्या खटकन बसल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद आला, तो दुकान बंद केल्यापासून वहिनीने पाहिला नव्हता.

बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा.

पुन्हा दाबलं. काळा.

 दोन महिन्यांचं काम त्या खोक्यात होतं. सासूबाईंनी पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या, वायरी दाबून पाहिल्या, कागद दोनदा वाचून घेतला. मग त्यांनी भिंग काढून ठेवलं. "माझ्याकडून काही मोडलं का गं?"

भावजी खोक्याच्या मागे पोटावर पडून कधीचे डोकावत होते. "वहिनी," तिथूनच त्यांचा आवाज आला, "पडद्याची वायर चुकून मदरबोर्डात लावलीये. ती नव्या कार्डात लावायला हवी." खुडखुड झाली. पडदा उजळला.

"शहाणा आहे माझा मुलगा," सासूबाई म्हणाल्या, आणि या वेळी त्यांनी उंटाचं नावही काढलं नाही.

मग वहिनीने उंट उघडला. तिघं श्वास रोखून बसली. तिने चालवायचं बटण दाबलं, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा उंट न अडखळता, पूर्ण वेगात, सगळ्या केसांनिशी पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला.



"परत लाव," सासूबाई म्हणाल्या.

तिने परत लावला.

"असं वाटतंय," भावजी जपून म्हणाले, "की टेबल सरकवतंय कुणीतरी."

वहिनीचं तोंड उघडंच राहिलं. उंट भयंकर चालत होता. पाय वाळूवरून घसरत होते, मान वेगळ्याच तालात डुलत होती, आणि चाल घोड्याची होती. दोन महिने ती कॉम्प्युटरच्या नावाने बोटं मोडत होती. यंत्र हळू आहे, यंत्र अडतंय, नाहीतर उंट झकास चालला असता! आणि यंत्राने बिचाऱ्याने दोन महिने तिची लाज झाकली होती. तिला रडू येईल असं वाटलं, पण हसूच फुटलं, आणि ते काही केल्या थांबेना.

सासूबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "असंच असतं. घड्याळ दुरुस्त झालं की मगच कळतं, आपल्याला उशीर झालाय."

दोन आठवडे उरले होते. वहिनीने खऱ्या उंटांचे व्हिडिओ शोधले आणि तिला दिसलं, की उंट एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकतो, मग दुसऱ्या बाजूचे. म्हणून तर वरचा माणूस हेलकावतो. पण वजन कुठे जातं ते व्हिडिओत नीट कळेना. तेव्हा भावजी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून दिवाणखान्यात रांगायला लागले.

"डावा हात, डावा गुडघा! एकदम!" वहिनी ओरडत होती.

"वहिनी, असं माणसाला जमत नाही, तोल जातो!"

"तेच हवंय! कुठे जातो तो तोल?"

सासूबाई खुर्चीत बसून टाळीने ठेका देत होत्या. भावजी तीनदा कलंडले. चौथ्यांदा त्यांनी स्वतःला सावरण्यासाठी मान ज्या झोकाने पुढे फेकली, ते बघून वहिनी उठली आणि धावत आतल्या खोलीत गेली. तिने मान हलवली, बटण दाबलं, बघितलं. पुन्हा हलवली, पुन्हा बघितलं. आधी जे आठवडाभरात झालं नसतं, ते दुपारच्या चहापर्यंत झालं. उंट चालत होता. ऐटीत, जरा आळशीपणाने, जगाला काडीचीही किंमत न देता, आणि समोरची भिंत त्याला मुळीच दिसलेली नाही हे बघणाऱ्याला लांबूनच कळत होतं.

फिल्म दोन दिवस आधीच गेली. हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्यांना फार आवडली होती. एकच सांगायचं होतं, चष्मा उंटाच्या नाकावर थोडा वर हवा. "घाई नाही हं, आठवडाभरात केलंत तरी चालेल."

"एक मिनिट," वहिनी म्हणाली, आणि फोन कानाशी धरूनच तिने चष्मा वर सरकवून तेवढं दृश्य रेंडरला लावलं. दहा मिनिटांनी पाठवूनही दिलं.

तिथेच चुकलं. एवढं झटपट होतं म्हटल्यावर डॉक्टरीणबाईंना धीर आला. संध्याकाळी त्यांना चष्म्याची फ्रेम लाल हवी झाली. सकाळी निळी. मग त्यांच्या नर्सला उंटाच्या पापण्या लांब कराव्याशा वाटल्या, औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या काकांना कुबड मोठं वाटलं, आणि तीन दिवसांत अकरा निरोप आले. पूर्वी लोक एक दुरुस्ती सांगताना दहादा विचार करायचे.

बाराव्या निरोपाला फोन वाजला, तेव्हा सासूबाई चपला घालून दारात उभ्या होत्या. दोघींना फिरायला जायचं होतं.

"शेपटीचा गोंडा?" वहिनी फोनवर म्हणाली. तिने एका हाताने गोंडा झुबकेदार केला, बटण दाबलं, उंट एकदा चालवून बघितला. छान दिसत होता. "अवघड आहे हो डॉक्टर, फार केस आहेत त्यात. बघते. परवापर्यंत होईल."

तिने फोन ठेवला आणि कॉम्प्युटर बंद केला. सासूबाई तिच्याकडे रोखून बघत होत्या.

"गिऱ्हाइकाशी खोटं बोललीस?"

"हो, आई."

"बरं केलंस," सासूबाई म्हणाल्या. "मी चाळीस वर्षं तेच केलं. चल."