गुळाच्या गोळीतला खडा

टेंभुर्णीच्या माळावर सकाळपासून माणसं दाटली होती. मांडवात भुजंगबाबा, हातात तांब्याची नळी. समोर बेबीनंदा पालथी पडलेली. बाबांनी चेल्याच्या परातीतली, देवापुढं ठेवलेली गुळाची गोळी तोंडात टाकली आणि आरोळी ठोकली, "चिरा न्हाई, टाका न्हाई! डागदर पोट फाडतो, बाबा नुस्ता श्वास वढतो!"

नळी तिच्या पाठीला लावून ते असे चोखू लागले, की गालफडं आत गेली. मग ठण्! ताटात मुगाएवढा खडा पडला.

"निघाला! निघाला!" मांडव दुमदुमला.

बेबीनंदा उठून बसली. "सुमे, बघ गं, बिलकुल दुखून न्हाई राह्यलं. कालपासूनच कमी हाय."

सुमे म्हणजे तिची भाची सुमेधा. ती जालन्याच्या एका दवाखान्यात सोनोग्राफीची डॉक्टर. आत्याच्या मूत्रनळीत अडकलेला खडा आणि मागे लघवी तुंबून फुगलेली किडनी तिनं स्वतः पडद्यावर पाहिली होती. पाठीतून नळी घालून लघवीला वाट करून देऊ, असं ठरलंही होतं. पण आत्याच्या नवऱ्यानं, पुंजाराममामानं, बायकोला परस्पर इथं आणलं. अशी किडनी काम सोडू लागली की कधी कधी दुखणं आपोआप थांबतं, हे तिला माहीत होतं.

"मामा, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

"कशाला? खडा तर ताटात हाय!"

सुमेधा सतरंजीवर पालथी झाली. "बाबा, माझाही काढा."

नवं मशीन आलं की ती आधी स्वतःवरच लावून बघे. कालच बघितलं होतं. दोन्ही किडन्या स्वच्छ.

"डाव्या अंगाला हाय!" बाबांनी गोळी खाल्ली, चोखलं. ठण्!

सुमेधा उठली आणि चेल्याच्या परातीतल्या गोळ्या फोडू लागली. प्रत्येकीत एकेक खडा.

"गूळ तोंडात विरघळतो, खडा गालात राहतो. पाठीला भोक नाही की ओरखडा नाही, मग खडा येईल कुठून? माझ्या किडनीत तर खडाच नव्हता!"

बाबा डोळे मिटून बसले. तेवढ्यात मागून गर्दीतली कांताबाई म्हणाली, "गुळात खडे निघतेतच की बाई. आमच्या दुकानदाराच्या गुळात तर काड्या बी निघतेत!"

माणसं खदखदून हसली. पुढचा रोगी सतरंजीवर पडला.

बेबीनंदा घरी गेली. थंडी वाजून ताप चढला, तोही बाबांच्या अंगाऱ्यावर काढला. ती बरळायला लागली तेव्हा कुठं पुंजारामनं तिला जालन्याला आणलं.

सुमेधानं तिला पालथं झोपवलं, पाठ बधिर केली, सोनोग्राफीचा दांडा टेकवला. पडद्यावर किडनी पाण्यानं भरलेल्या काळ्या पिशवीसारखी दिसत होती, पण पाणी गढूळ होतं. पडद्यावरून नजर न हलवता तिनं सुई आत सरकवली. सुईची पांढरी रेघ फासळीखालून, आतडं टाळून, बरोबर त्या पिशवीत शिरली. पू उसळला. तिनं सुईच्या वाटेनं नळी बसवली. ताप उतरला, आत्या वाचली. किडनी मात्र पुन्हा कामाला लागली नाही.

"बाबानं खडा काढल्ता," वॉर्डाबाहेर पुंजाराम म्हणाला. "तुह्या सुईनं किडनी गेली."

सुमेधानं त्याला आत नेऊन पडदा दाखवला. खडा होता तिथंच होता.

"पडद्यावर काय, काही बी दिसतंय."

मग त्याचा फोन वाजला. धाकट्या पुतण्याच्या पोटात कळा येत असल्याचं थोरला सांगत होता. "हां, टेंभुर्णीलाच ने. जल्दी नंबर लागतो."

"मामा," सुमेधा म्हणाली, "माझ्यावरही विश्वास ठेवू नका. आधी त्याची सोनोग्राफी करा, बाबाकडून आल्यावर पुन्हा करा. खडा खरंच निघाला असेल तर आत दिसणार नाही. दिसला, तर ताटातला खडा त्याचा नाही. एवढं एकदा तपासा."

पुंजारामनं ऐकून घेतलं. मग फोन पुन्हा कानाला लावून म्हणाला, "आन् येताना अंगारा बी आन. तुही काकू अजून उठून न्हाई राह्यली."