बयाबाईने अडवलेली नदी

"आता जे सांगतो ते तुमच्यातला एक जण खरं मानायचा नाय," सोनबा म्हणाला, आणि वाफाळत्या भाताच्या पानांवर बसलेली अख्खी पंगत हसली. यात नवीन काय, असं ते हसू होतं. कापडे गावात सोनबाचं बोलणं खरं मानायची चालच नव्हती.

उमेदीची सगळी वर्षं त्याने मुंबईत, मस्जिद बंदरला एका मसाल्याच्या पेढीवर काढली होती. होळीला आणि गणपतीला गावी यायचा तो पिशवीत खाऊ थोडा आणि गोष्टी फार घेऊन. वेलदोडे जोखायच्या काट्यावर त्याने एकदा सर्कशीतला हत्ती जोखला होता. गोदीत मिरीचं पोतं फुटलं तेव्हा धक्क्याला लागलेलं जहाज असं शिंकलं, की दोर तुटून थेट एडनला पोचलं. गाव हे ऐकायचं, पोटभर हसायचं आणि आपापल्या शेतावर जायचं.

हसू येत नव्हतं ते एकट्या बयाबाईला. नवरा मुंबईत असताना भाताची लावणी, गुरं, सासूसासऱ्यांची आजारपणं, घरावरची कौलं, सगळं तिने एकटीने निभावलं होतं. मग पेढी सुटली, सोनबा कायमचा घरी आला आणि तिच्या ओटीवर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बोलणारा एक माणूस येऊन बसला. मागच्या पावसात तिने त्याला वरच्या खाचराचा बांध बघून यायला सांगितलं. तो शेजारच्या हैबतीच्या पडवीत बसून आला आणि म्हणाला, बांधावर घोडा नाचवला तरी हलायचा नाय. बांध तेव्हा फुटलेला होता. लावलेली रोपं वाहून गेली. बयाबाई भांडली नाही. तिने विरारला मुलाला फोन लावला आणि एवढंच म्हणाली, "इनीत, मी तिकडंच येते राह्यला. इथं माणूस हाय, पण त्याच्या शब्दावर पाऊल टाकता येत नाय."

हे मात्र सोनबाला लागलं. जाण्याआधी त्याने एकच गोष्ट मागितली. लोक जोडीने नर्मदेची परिक्रमा करतात. नर्मदा लांब पडली, पण सावित्री तर दाराशी आहे. हरिहरेश्वरला ती समुद्राला मिळते, तिथून चालत निघायचं आणि जुन्या महाबळेश्वरला तिच्या मुळाशी पोचायचं. दोघांनी. बयाबाई चूल फुंकत होती. फुंकणी खाली ठेवून ती म्हणाली, "चला. पण समुद्रापासून मुळापर्यंत एक शब्द खोटा नाय बोलायचा. बोललात, तर असेन तिथनं एसटी पकडेन."

तर ती यात्रा पुरी करून दोघं परत आली होती आणि आज अंगणात यात्रेच्या सांगतेचं मावंदं होतं. विनीत आणि सून रेश्मा विरारहून गाडी घेऊन आले होते. जेवणं उरकली, की आईला घेऊन निघायचं ठरलेलं. सोनबाच्या पोटात एक प्रश्न होता, 'राहशील का?' एवढाच. हरिहरेश्वरच्या वाळूतच तो विचारायचा होता. तो अजून विचारून व्हायचा होता.

"सांग तर खरं," हैबती म्हणाला. "आमी जेवता जेवता नाय मानू."

"दासगावच्या खाली नदी थांबली," सोनबा म्हणाला.

"कोन थांबली?"

"सावित्री. चालता चालता माणूस थांबतं ना, तशी."

पंगतीत पुन्हा हसू फुटलं. पण सोनबा हसला नाही. त्याच्या डोळ्यांपुढे ती दुपार उभी राहिली होती. खाडीकाठाने दोघं चालत होती आणि पात्र एवढं रुंद, की पलीकडचा माणूस बगळ्याएवढा दिसावा. पाण्यावरून एक वाळकी झावळी समुद्राकडे चालली होती. बघता बघता तिचा वेग मोडला. मग ती त्यांच्या समोर येऊन उभी राहिली. वारा नव्हता. एवढ्या थोरल्या पाण्यावर कुठे रेघ नाही, सुरकुती नाही. पलीकडचा डोंगर त्यात उलटा उतरला होता, झाडाच्या पानापानासकट. होडीतला कोळीदेखील वल्हं मांडीवर घेऊन गप बसला होता. आणि मग झावळीने हळूच शेंडा फिरवला आणि ती डोंगराकडे, म्हणजे ज्या वाटेने आली त्याच वाटेने, परत चालू लागली. सबंध नदी तिच्यामागे वळली.

बयाबाईने हात जोडले होते. "असं का होतं हो?" तिने विचारलं होतं.

एरवी सोनबाकडे या प्रश्नाला रात्रभर पुरतील इतकी उत्तरं होती. जिभेवर एक जलपरी येऊनही बसली होती. त्याने ती गिळली. "भरती म्हणतात तिला," तो म्हणाला. "पण समुद्राला हे कोन शिकवतं, ते मला ठावं नाय."

'मला ठावं नाय' हे तीन शब्द त्याच्या तोंडून बयाबाईने लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ऐकले. ती नदीकडे बघायची सोडून त्याच्याकडेच बघत राहिली होती.

"नदी थांबते का कधी?" हैबतीने आमटी भुरकत पंगतीला विचारलं.

बयाबाई वालाचं बिरडं वाढत येत होती. "थांबली व्हती," ती म्हणाली. "मी बघितली."

बयाबाईचा शब्द म्हणजे कापड्यात दगडावरची रेघ. हैबतीने तिच्याकडे बघितलं, मग पानाकडे.

सोनबाला हुरूप आला. "म्हाडला मगर आमच्यासोबत चालली."

"आता मात्र हत्ती येतोय," कोणीतरी म्हणालं.

"हत्ती नाय, मगर. आमी काठानं, ती पान्यातनं. नाकपुड्या नि डोळे तेवढे वर. आमी थांबलो की ती थांबायची, चाललो की चालायची. म्हाडच्या बाया तिथं धुनं धुवत व्हत्या, कोन मान वर करून बघंल तर शपथ."

"बाबा," विनीत म्हणाला, "मगर काय पोचवायला येते का?"

"आली व्हती रे," बयाबाई म्हणाली. "लई लांबवर आली. शेवटाला मीच तिला म्हटलं, बाय, जा आता घरी, पोरं वाट बघत असतील. तवा वळली."

रेश्माच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. तिने सासूकडे बघितलं. सासू शांतपणे पुढच्या पानावर भात घालत होती.

मग सोनबाने एमआयडीसीच्या फाट्यावरचं सांगितलं. कंपनीची बस सुटलेल्या पाळीची माणसं घेऊन उभी होती. एका पोराने खिडकीतून विचारलं, आजोबा, कुठे चाललात. सावित्रीच्या मुळाला, म्हटल्यावर तो खाली उतरला. त्याच्यामागे दुसरा. मग सगळी बस रिकामी झाली आणि आठ तास उभं राहून आलेली ती माणसं एकामागून एक वाकून दोघांच्या पाया पडली. एक जण म्हणाला, रोज तिचंच पाणी पितो, पण तिला मूळ असेल असं कधी मनातच आलं नाही. या वेळी बयाबाईकडे बघायची कोणाला गरज वाटली नाही.

पुढचं गावाला ठाऊक होतं. पोलादपूर सोडून रस्ता घाटाकडे चढतो तो कापड्यावरूनच. यात्रेत स्वतःच्या घरी पाऊल टाकायचं नाही, असा नियम सोनबाने केला होता, म्हणून दोघं गावच्या देवळात उतरली आणि देवळाशेजारच्या रंगूबाईच्या दारी भाकरी मागितली. रंगूबाईने ती हसत हसत वाढली होती. पण त्या सकाळी निघताना जे झालं, ते गावाला ठाऊक नव्हतं, आणि सोनबाने ते पंगतीतही सांगितलं नाही.

निघताना बयाबाई रस्त्यावर उभी राहिली होती. खाली तिचं घर होतं. कौलांवर धुकं बसलेलं, दार बंद, अंगणात तुळस, पाठीमागे भाताची उडवी. इतक्या वर्षांत ती कधी परक्या माणसासारखी रस्त्यावरून त्याच्याकडे बघत उभी राहिली नव्हती. लावणीतून येताना डोळ्यांत घाम, बाजारातून येताना डोक्यावर ओझं. ती बराच वेळ बघत होती. मग तिने विचारलं, "चांगलं दिसतंय. कोनाचं घर ते?"

ती थट्टा करत्येय, की खरंच विचारत्येय, हे सोनबाला कळलं नाही. पण खोटं बोलायची बंदी होती. 'आपलं' हा शब्द त्याने ओठापर्यंत आणला आणि तिथेच त्याला जाणवलं, की तो खरा नाही. "तुजं," तो म्हणाला.

त्या दिवसापर्यंत बयाबाई त्याच्या चार पावलं पुढे चालत आली होती. तिथून पुढे घाटभर ती त्याच्या शेजारून चालली.

"घाटात काय झालं ते सांग," रंगूबाई म्हणाली. आता कोणी हसत नव्हतं. जेवण निम्म्यावर थांबलं होतं.

"घाटात सावित्री लहान व्हत गेली," सोनबा म्हणाला. "आधी गुडघ्याएवढी. मग पावलाएवढी. समुद्राशी जिचा दुसरा काठ धड दिसत नव्हता, ती येका जागी अशी झाली, की हिने येक पाय या काठाला ठेवला, येक पाय त्या काठाला, नि मधनं सावित्री चालली."

पुढचं सांगताना तो अडखळला. वरून त्यांनी मागे वळून बघितलं होतं. डोंगरामागे डोंगर, त्यांच्या तळाशी एक चकाकती रेघ, कुठे तुटलेली, कुठे सांधलेली, आणि पार टोकाला, आभाळ संपतं तिथे, पितळेच्या परातीसारखं काहीतरी लखलखत होतं. तो समुद्र होता. आपण तिथून आलो, या दोन जोडी पायांनी, हे सोनबाच्या बुद्धीत मावेना. त्याने आजवर सांगितलेली एकही गोष्ट त्या रेघेएवढी लांब नव्हती.

"नि मुळाशी?" हैबतीने विचारलं.

"मुळाशी दगडी देऊळ हाय. तिथं पाच नद्यांच्या धारा निघतात. आपली धार बोटाएवढी. करंगळीच म्हन. हिने काय केलं असंल? तळवा पुढं केला नि धारेवर दाबून धरला. हैबती, या बाईने सावित्री अडवली."

आता पंगतीने मान एकदम बयाबाईकडे वळवली.

"अडवली व्हती," बयाबाई म्हणाली. ती जरा लाजली. "हाताला लई गार लागली. आतनं ढकलत व्हती, वासरू दूध पिताना ढकलतं तशी. मग वाटलं, खाली म्हाडपतूर लोकांची पानी भरायची येळ, कशाला उगाच. सोडली."

रंगूबाईने उष्ट्या हातानेच नमस्कार केला. हैबतीसारखा हैबती, ज्याने सोनबाच्या हत्तीला जन्मभर टपल्या मारल्या, तो पानावरचा भात विसरून कुठेतरी डोंगराकडे बघत बसला. सोनबाला नवल वाटलं. आयुष्यभर त्याने डोंगराएवढं सांगितलं आणि माणसं हसली. आज डोळ्यांनी बघितलं तेवढंच सांगितलं, तर अंगणात टाचणी पडलेली ऐकू यावी.

तेवढ्यात विनीतने मोबाइलवर वेळ बघितली. "आई, आटपतं घ्यायचं का? पुढे वडखळला ट्रॅफिक लागेल." रेश्माने पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

सोनबाचा प्रश्न अजून पोटातच होता. देवळात बयाबाईचा तळवा धारेवर होता तेव्हा विचारायचं ठरवलं होतं, ते राहिलं. उतरताना एसटीत विचारायचं होतं, ते राहिलं. काल रात्री कंदील मालवताना शब्द तोंडात आला होता. जहाजाला शिंकायला लावणाऱ्या माणसाला एवढं साधं विचारता येत नव्हतं, कारण उत्तराला ती 'नाय' म्हणाली असती, तर ते खरं असतं. आता यात्रा संपली होती. खोटं बोलायची बंदी मुळापर्यंतच होती. आणि पंगत, जन्मात पहिल्यांदाच, त्याचा शब्द न् शब्द खरा मानत होती.

"आनि येक राह्यलं," तो म्हणाला. आवाज त्याने हलका ठेवला. हत्ती नाही, जहाज नाही. अगदी लहानसं सांगायचं होतं. "धार सोडल्यावर मी हिला इचारलं, राहशील का कापड्याला? तर म्हनाली, राहते. म्हनून म्हनतो इनीत, तू आपला निवांत जेव. घाई नाय."

विनीत हातातला मोबाइल खाली ठेवून बापाकडे बघत राहिला. रंगूबाईने मान डोलावली, जसं काय हे तिला आधीच ठाऊक होतं. हैबती म्हणाला, "बरं झालं." सगळ्यांनी मानलं. एकाने शंका घेतली नाही.

बयाबाईचा हात हैबतीच्या पानावर बिरड्याची पळी घेऊन तसाच थांबला होता. सोनबाने पानातला मिठाचा खडा बोटाने इकडून तिकडे सरकवला. वर बघायचं त्याला धाडस होईना.

"खोटं हाय," बयाबाई म्हणाली.

सगळ्या माना सोनबाकडे वळल्या.

"मगर खरी, नदी अडवली तेबी खरं. पन ह्ये खोटं. ह्यांनी मला इचारलंच नाय," ती म्हणाली आणि बिरडं हैबतीच्या पानात ओतलं. "हरिहरेश्वरपासनं वाट बघत्येय मी, आता इचारतील, मग इचारतील."