पाहुण्यांची वाटणी

धुळ्याच्या गिरणीने अभिमनला कामावर घेतलं ते त्याच्या दमाकडे बघून. सूत कसं सांधतात हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि दोन वर्षं खात्यात काढून फारसं ठाऊक झालं होतं असंही म्हणवत नाही. पण हुतूतूचा दम एकदा छातीत भरला की समोरची बाजू पालथी घालून, दोघातिघांना शिवून तो मधल्या रेघेवर परत यायचा, आणि दम तरीही शिल्लक असायचा. असा गडी आपल्या संघात हवा असं गिरणीच्या मॅनेजरला वाटलं यात नवल नाही. रिखबचंद शेठचा चषक तोवर एकदाही पूर्व खानदेशातून पश्चिम खानदेशात, म्हणजे धुळ्याकडे, गेला नव्हता.

हे रिखबचंद शेठ जळगावचे सरकीचे व्यापारी. वडिलांच्या नावाने धर्मशाळा काय, कुणीही बांधतं, म्हणून यांनी हुतूतूसाठी चांदीचा चषक ठेवला. लोक त्याला ‘शेठचा पेला’ म्हणत आणि त्यात चहा किती मावेल याच्या पैजा लावत. दिवाळी सरली की सामने सुरू व्हायचे आणि होळीच्या आत संपायचे. शेठची अट एकच होती. शेवटचा सामना तेवढा शहरात, बाकीचे सगळे गावोगाव, आणि आदल्या संध्याकाळी आलेल्या संघाला त्या गावाने आपल्या घरी जेवू घालायचं.

या अटीची पुढे रीत झाली. पाहुणे गडी चावडीपुढच्या पारावर बसायचे, घरधनी यायचे आणि ‘हा माह्या घरी’ म्हणून हात धरून न्यायचे. याला वाटणी म्हणत. नामी गड्यासाठी दोन घरांत बोलाचाली व्हायची. रात्री मांडे खाऊ घातले की सकाळी गड्याला धावता येत नाही म्हणून हा आग्रह, असं कुजकं बोलणारेही होते, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. पण रीतीला दुसरी बाजू होती. ज्या घराने जेवू घातलं, त्या घराने सकाळी त्या गड्याच्या नावाने ओरडायचं, मग समोर आपलंच गाव का असेना. गड्यानेही मैदानात उतरण्याआधी त्या घरच्या वडीलधाऱ्याला वाकून नमस्कार करायचा. त्यामुळे परक्या गावातही प्रत्येक गड्यामागे एक घर असायचं.

त्या हंगामात चोपड्याच्या सामन्यात अभिमनला बेबाबाई नावाच्या म्हातारीने नेलं. केळीच्या बागा असलेलं मोठं खटलं होतं. म्हातारीने त्याला समोर बसून जेवू घातलं आणि सकाळी मैदानात अशी ओरडली की तिच्या स्वतःच्या नातवाने, जो चोपड्याकडून खेळत होता, कपाळाला हात लावला. गिरणी जिंकली. निघताना म्हातारीने अभिमनच्या पाठीवरून हात फिरवला, तेव्हा त्याला रडू आलं. त्याने ते घामात खपवलं.

खरी गोष्ट अशी होती की धुळ्यात त्याचं कुणी नव्हतं. संघातले बाकीचे गडी आसपासचे, पाळी संपली की सायकली काढून घरी जायचे. अभिमन खोलीवर येऊन भाकरी थापायचा, ती एका बाजूने करपायची, आणि भिंतीकडे तोंड करून तो ती खायचा. भिकन तेवढा त्याचा सोबती, पण भिकनला बायको होती, आणि बायको असलेल्या माणसाने रोज किती वेळ सोबत करावी? परगावच्या वाटणीत अनोळखी पाटावर बसलं की अभिमनला घरी आल्यासारखं वाटायचं. दोन घास पोटात गेले की मात्र सावखेडे आठवायचं.

सावखेडे नशिराबादच्या पलीकडे, वाघूरच्या काठी. आईबाप गेल्यावर थोरल्या जीवरामने अभिमनला वाढवला. हुतूतूही त्यानेच शिकवला. जीवराम म्हणजे सावखेड्याच्या संघाचा वस्ताद. धाकट्याला तो विहिरीत बुडी मारायला लावायचा आणि स्वतः काठावर दम धरून बसायचा. धाकटा वर आल्याशिवाय हा श्वास घेत नसे. गिरणीचा माणूस नोकरीचं बोलणं घेऊन आला तेव्हा अभिमनने भावाकडे पाहिलं. जीवराम बैलाची वेसण नीट करत होता. मान वर न करता तो म्हणाला, “जाय.” अभिमनला वाटलं होतं, तो ‘जाऊ नको’ म्हणेल. एवढा एक शब्द जरी तो बोलला असता, तर अभिमन सूत सांधायला कधीच गेला नसता. तो गेला, आणि त्या सालापासून सावखेड्याला शेठचा पेला मिळाला नाही. दोन वर्षांत ना जीवराम धुळ्याला आला, ना अभिमन गावी गेला. आधी रजा नव्हती, मग लाज वाटायला लागली, आणि लाजेला रजा कोण देणार?

जामनेरचाही सामना गिरणीने मारला. उपांत्य सामन्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या आणि नाव निघालं सावखेडे.

“तुनं गाव शे ना भाऊ!” सगळ्यांना भरीत मिळणार म्हणून भिकन हरखला. “आते बठ्ठासले भरीत भेटी!”

अभिमन हसला, पण त्याच्या मनात वेगळंच चाललं होतं. पारावर बसायचं आणि बघायचं. दादा हात धरायला आला, तर आपण अजून त्या घरचे. नाही आला, तर मग नाहीच. दोन वर्षं जो प्रश्न तो कुणाला विचारू शकला नव्हता, त्याचं उत्तर त्याला त्या संध्याकाळी हवं होतं.

गिरणीची लॉरी सावखेड्यात पोचली तेव्हा उन्हं कलली होती. घरोघरच्या अंगणात कपाशीच्या पऱ्हाटीचा जाळ करून वांगी भाजायला घातली होती आणि साऱ्या गावावर तो खमंग धूर पसरला होता. गडी पारावर बसले. गावचे सुपडू नाना वाटणीला उभे राहिले. “हे दोन माह्या घरी.” “हा उंच गडी आमचा.” झुलाल, पूर्वी गावच्या संघात अभिमनच्या जोडीने पकड करायचा तो, आला, “आला का रे, अभिमन!” म्हणून त्याच्या पाठीत दणका घातला आणि दुसऱ्याच दोघांना घेऊन गेला. भिकनला तोतारामबुवांनी नेलं. येणारा प्रत्येकजण अभिमनकडे बघून ओळखीचं हसायचा, ख्यालीखुशाली विचारायचा, आणि शेजारच्याचा हात धरायचा.

पार मोकळा झाला. नानांनी धोतर झटकलं. “झाली ना वाटनी? जाय रे अभिमन, दिवेलागन झाली,” म्हणाले आणि काठी टेकत घरी गेले.

कुठे जाय, हे नाना बोलले नाहीत. त्यांच्या लेखी ते बोलायची गोष्टच नव्हती. पण अभिमनला तो शब्द, दोन वर्षांपूर्वी भावाने टाकला होता तसाच अंगावर पडला.

तरी तो गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. भावाच्या घराचं दार सताड उघडं होतं, आत कंदील होता. धुरपदा वहिनी चुलीपुढून उठली, ताट घेऊन आतल्या खोलीत गेली. दादा ओट्यावर दिसत नव्हता. अभिमन कोपऱ्यावर बराच वेळ उभा राहिला. कुणी बाहेर आलं असतं, नुसतं खाकरलं असतं, तरी तो पळत गेला असता. कुणी आलं नाही. त्यांचं जेवण चाललं असेल, आपल्यावाचून त्यांचं काय अडलंय, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि मारुतीच्या देवळात, जिथे संघाची पथारी होती, तिथे येऊन पाणी पिऊन बसला.

भिकन ढेकर देत आला. “भाऊना घरनं भरीत कसं व्हतं?”

“चांगलं व्हतं,” अभिमन म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. आपल्याच गावात तो उपाशी होता, आणि ते कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

सकाळी खळ्याशेजारच्या मैदानात सारं गाव लोटलं. गिरणीचे गडी रीतीप्रमाणे आपापल्या घरधन्यापुढे वाकले. जीवराम पहिल्या रांगेत बसला होता, नवा फेटा बांधून. अभिमन रेघेकडे येताना दिसला तसा तो उठून उभा राहिला. त्याचा हात अर्धा वर आला. अभिमनने ते पाहिलं. काल आतड्याला पीळ पडत होता तेव्हा कुठे होता हा हात? आता गावापुढे थोरलेपण मिरवायला उभा राहिलाय? तो वळला, भावाकडे पाठ केली, गिरणीच्या बाजूची माती उचलून कपाळाला लावली, आणि वाकला तो संघाबरोबर आलेल्या मॅनेजरपुढे. मैदानभर कुजबूज झाली. जीवराम सावकाश खाली बसला.

खेळ चुरशीचा झाला. गिरणीचे गडी एकेक करून बाद झाले. तोतारामबुवा मात्र भिकन बाद होऊन बसला तरी “भिकन! वा रे भिकन!” ओरडत राहिले, कारण खाऊ घातलं होतं ना! अभिमनच्या नावाने मैदानात एकही आवाज नव्हता. शेवटी गिरणीचा तो एकटा उरला. समोर झुलाल आणि दोन गडी. तिघांना बाद करून परतलं तर सामना गिरणीचा.

त्याने दम भरला. पोटात अन्न नव्हतं, राग होता. एकाला खांद्यावर शिवला, दुसऱ्याला टाचेने. झुलालने कंबर धरली, बाकीच्या दोघांनी पाय. तिघेही त्याच्यावर पडले. तोंडात माती गेली, पण हुतूतू तुटला नाही. तो इंचाइंचाने सरकला, तिघांना ओढत, आणि बोटं रेघेला लावली. मग उठून गावाकडे तोंड करून त्याने मांडीवर थाप मारली. रिखबचंद शेठच्या पेल्यासाठी इतकी मोठी थाप कुणी मारली नव्हती. गिरणीवाल्यांनी त्याला उचललं. वरून त्याला दिसलं, सारं गाव त्याच्याकडे बघत होतं आणि कुणीच रागावलेलं नव्हतं. नुसतं बघत होतं.

लॉरीपाशी गर्दी होती. धुरपदाबाई पदर सावरत वाट काढत आली. बायका अशा पुरुषांच्या घोळक्यात येत नसत, ती आली.

“काल कुठी जेवला रे?” ती म्हणाली.

“कुठीच नही,” अभिमन तोडून बोलला. “कोनी बोलावलं नही.”

वहिनी त्याच्याकडे बघतच राहिली. “बोलावलं नही? अरे, घरच्याले कोन बोलावतं? तुह्यं ताट वाढून ठेवलं व्हतं. हे जेवले नहीत, मी जेवली नही. दार लोटलं नही आम्ही. मी ह्यांले म्हनलं, जा, घेऊन या त्याले. तं म्हने, त्याच्याच घरी त्याले हात धरून आनू? गाव काय म्हनंल, भावाले पाव्हना केला! थो येईल म्हने. आतल्या खोलीत देवापुढे बसून राह्यले.”

काल नानांनी जायला सांगितलं ते कुठे, झुलालने नेलं नाही ते का, सारं गाव हसून पुढे का गेलं, हे त्याला एकदम कळलं. ज्याचं घर गावात आहे त्याची वाटणी कोण करणार? सबंध गावाने त्याला घरचा धरला होता. तो एकटा स्वतःला पाहुणा धरून पारावर बसला होता.

“वहिनी, मी… मी गल्लीपर्यंत आल्तो,” तो म्हणाला. ते किती लंगडं आहे हे त्यालाही कळत होतं.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. जीवराम आला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर अभिमनने पाय धरले असते, मार खाल्ला असता, सगळं निभावलं असतं. जीवरामने सुपडू नानांकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं, आणि दोन्ही हात जोडले.

“पाव्हने,” तो म्हणाला, “आमची चूक झाली. बोलावनं राह्यलं. आता जेवाले चला.”

“दादा…”

“चला,” जीवराम म्हणाला आणि त्याने अभिमनचा हात धरला, रीतीप्रमाणे, मनगटाच्या वर, जसा परक्या गड्याचा धरतात. त्या हातासाठी अभिमन दोन वर्षं झुरला होता. आता तो धरलेला असताना त्याला तो सोडवून घ्यावासा वाटला, आणि तेही जमेना.

घरी पाय धुवायला तांब्या दिला. पाट मांडला, पाटाभोवती वहिनीने रांगोळीची रेघ ओढली. पाट एकच होता. जीवराम शेजारी बसला नाही. तो कमरेला उपरणं बांधून वाढायला उभा राहिला. लहानपणी याच जमिनीवर दोघं एका ताटात जेवत आणि भरीत कोणाला जास्त म्हणून भांडत. अभिमनने मान खाली घालून घास घेतला. त्याच्या डोळ्यांतलं पाणी ताटात पडत होतं. जीवरामला ते दिसत होतं आणि तो दिसत नसल्यासारखं वाढत होता, कारण पाहुण्याच्या ताटात बघत नाहीत.

“भाकर घ्या अजून,” जीवराम म्हणाला. “संकोच करू नका.”

बाहेर लॉरीचा भोंगा वाजला. अभिमनला पुष्कळ बोलायचं होतं. पण त्या पाटावर बसलेल्या माणसाला जेवढं बोलता येतं तेवढंच तो बोलला.

“नको,” तो म्हणाला, “पोट भरलं.”