पेलांची नवी चकती

“अर्ध्या पेनीची मेणबत्ती, आणि हातावर टेकवते अख्खी पेनी! सुटे काय माझ्या दातांतून काढून देऊ?” गिऱ्हाइकीण पाठमोरी होताच डोरकस म्हातारी पुटपुटली.

“दात तरी किती उरलेत, आई?” तिची सून टॅमसिन म्हणाली.

“तू नको मोजूस.”

सुटे खरंच संपत आले होते. राजाच्या टाकसाळीला असल्या चिल्लरीसाठी कधी फुरसत नसायची, म्हणून गावातला जो तो दुकानदार सुट्यांऐवजी द्यायला आपापल्या तांब्याच्या चकत्या पाडून घ्यायचा. डोरकसच्या घरच्या, म्हणजे पेलांच्या, चकतीवर एकीकडे मेणबत्त्यांची जुडी आणि दुसरीकडे तीन अक्षरं: वर आडनावाचं, खाली नवऱ्याचं आणि बायकोचं. दोन वर्षांपूर्वी टॅमसिनचा नवरा अ‍ॅम्ब्रोज नव्या चकत्या आणायला लंडनला गेला. पाठोपाठ तिथे महामारी पसरल्याची बातमी आली. चकत्या आल्या नाहीत. तोही नाही.

तेव्हापासून अवघं गाव म्हणायचं, “अ‍ॅम्ब्रोज आला की बघू.” टॅमसिनही म्हणायची. दर रविवारी म्हातारी लेकाचं ताट मांडायची, आणि जेवणं झाली की टॅमसिन ते कोरडं ताट मुकाट्यानं फळीवर ठेवायची.

बाजाराच्या दिवशी लंडनचा एक माणूस चकत्यांच्या मागण्या नोंदवत दुकानात आला. त्यानं विक्रीच्या फळीवर नमुने ओतले.

“चित्र मेणबत्त्यांचंच ना, बाई? आणि अक्षरं?”

टॅमसिन हातांना लागलेली मेणबत्त्यांची चरबी पुसत राहिली. पुसून झाली तरी पुसत राहिली. विधवेच्या चकतीवर नवऱ्याचं अक्षर नसतं. दोनच सांगायची म्हणजे चुलीपाशी बसलेल्या या माउलीच्या देखत तिचा लेक पुरायचा.

“होती तीच,” ती म्हणाली. “तिन्ही.”

“मालक बाहेरगावी आहेत का?”

“लंडनला.”

“कधीपासून?”

टॅमसिन पुन्हा हात पुसू लागली. माणसानं एकदा टॅमसिनकडे पाहिलं, आणि मग तो नमुने उगाच इकडचे तिकडे करू लागला.

म्हातारी गुडघ्यांवर हात रेटत उठली. फळीपाशी येऊन तिनं एक नमुना दोन बोटांत दाबून पाहिला.

“तांबं पातळ आहे तुझं.”

“सगळीकडे हेच चालतं, आजी.”

“चालतं म्हणे! बरं, लिही. दोनच अक्षरं घाल. आडनावाचं आणि हिचं. दोन वर्षं दुकान हिनं ओढलंय, हात बघ कसे पोळलेत.”

“आई, अहो...”

“माझा अ‍ॅम्ब्रोज मेला, पोरी.”