पडलेलं उचलायचं नाही

कातकरवाडीतलं पोर चालायला लागलं की त्याला आधी एक गोष्ट शिकवतात : वाटेवर पडलेलं काही उचलायचं नाही. नारळ असो, कोयती असो, कुणाच्या बागेतला आंबा गडगडत पायाशी आलेला असो. वळसा घालून जायचं. गंगालाही आयशीने हेच शिकवलं होतं, पण त्याचा अर्थ तिला पुरता कळला तो गेल्या शिमग्यात, नवऱ्याचे, बाबल्याचे, माराने सुजलेले तळवे शेकताना. खालच्या बागेतला पंप चोरीला गेला होता. पोलिसांची जीप नेहमीसारखी आधी वाडीवर आली. पुरुष नेहमीसारखे रानात पळाले आणि पाय मुरगळून बाबल्या तेवढा हाती लागला. "चोरला नव्हतास तर पळालास कशाला?" ह्या प्रश्नाचं उत्तर वाडीत आजवर कुणाला सापडलेलं नाही. पुढे पंप मालकाच्याच भाच्याकडे निघाला. बाबल्याला सोडलं, पण त्याचं नाव ठाण्यातल्या लोकांच्या तोंडी बसलं ते बसलंच.

म्हणून त्या सकाळी, तान्ह्या सानवीला पाठीशी झोळीत बांधून, खाडीतल्या चिंबोऱ्या घेऊन सडा, वरचा कातळमाळ, चढताना चिरेखाणीच्या कडेला एक पोर दिसलं, तेव्हा गंगा जागीच थबकली.

पोर दोनेक वर्षांचं. एका पायात बूट, दुसरा अनवाणी, गळ्यात सोन्याची साखळी. खाण कधीची बंद पडलेली, पावसाच्या पाण्याने काठोकाठ भरलेली, आणि पोर त्या हिरव्या पाण्यात वाकून बघत होतं. आसपास चिटपाखरू नव्हतं.

"ए बाबू, इकडं ये."

पोर हसलं आणि आणखी एक पाऊल पाण्याकडे टाकलं.

ओरडावं तर दचकून पडायचं. धरावं तर... गंगाने टोपलीतून एक चिंबोरी काढली. नांग्या सुंभाने बांधलेल्याच होत्या. सुंभाचं टोक धरून ती कातळावरून सावकाश ओढत नेली.

"बघ, कशी लाजत लाजत चाललेय. नवरी हाय ती. सासरी चाललेय."

पोर खिदळत मागे आलं. गंगा पुढे, चिंबोरी मध्ये, पोर मागे. असंच खाली रस्त्यापर्यंत आलं तर बरं, ती मनात म्हणत होती. हात लावायला नको. कुणी विचारलं तर सांगता येईल, आलं बापडं आपल्या पायाने.

पण कातळ तापला होता. अनवाणी पाऊल भाजलं तसं पोराने बसकण मारली आणि भोकाड पसरलं. ओठ सुकून पांढरे पडलेले. गंगाच्या बाटलीत थेंब नव्हता. तिने चहूकडे पाहिलं, मग खाली वाकून त्याला उचललं, काजीच्या झाडाच्या सावलीला बसली आणि पदराखाली घेतलं. पोर अधाशासारखं प्यायलं. एक बाजू संपवली, दुसरी संपवली आणि तिच्या खांद्यावर मान टाकून झोपलं. त्याच्या केसांना साबणाचा गोड वास होता. पाठीवर सानवीही झोपलेली. दोन पोरांच्या मध्ये गंगा उतार उतरली.

रस्त्यावर जीप उभीच होती. भोवती पोर शोधायला जमलेली माणसं. पोराची आई, दिवाळीला मुंबईहून सासरी आलेली नम्रता, धावत आली. "ऋत्विक, ऋत्विक," करत तिने पोर ओढून घेतलं. त्याच्या हनुवटीवर वाळलेलं दूध तिला दिसलं. तिने गंगाकडे पाहिलं. काही बोलणार होती.

"साखळी आहे का बघा," कुणीतरी म्हणालं.

"साखळी आहे म्हणजे काय झालं?" नम्रताचे सासरे म्हणाले. "नेत कुठे होती, ते विचारा तिला."

"बाबा, ती खालीच येत होती. आपल्याकडेच आणत होती."

"तू गप्प. पोर सांभाळता येत नाही आणि वकिली करायला निघाली."

हवालदार माणूस शांत होता. "वहिनी, तुम्ही बाळाला घेऊन घरी जा. नुसती विचारपूस आहे." मग गंगाकडे वळला. "तू कुणाची गो?"

"बाबल्याची."

"पंपवाला बाबल्या?"

"पंप त्यानं नाय घेतला साहेब. पंप गावला मागनं, मालकाच्या भाच्याकडं."

"ते राहू दे. तू एकटी एवढं करायची नाहीस. बस मागे. वाडीवरूनच जाऊ."

जीप सडा चढू लागली. आवाज वर पोचला असेल, गंगाने हिशेब केला. बाबल्या पळाला असेल. पळू दे. काय म्हणायचं ते म्हणू देत, पण सापडायला नको.

वाडी रिकामी होती. चुलीवर भात रटरटत होता. हवालदाराने दोन खोपटांत डोकावून पाहिलं, हाका मारल्या.

तेवढ्यात सानवी जागी झाली. गंगाने घाईघाईने तिला छातीशी धरलं. जीप आली की पोराचा आवाज रानात जाऊ नये म्हणून वाडीतल्या बाया हेच करतात. सानवीने ओढलं. काही आलं नाही. दुसरीकडे लावलं, तिथेही नाही. होतं नव्हतं ते मघाच ऋत्विक प्यायला होता. सानवीने तोंड सोडलं आणि असा टाहो फोडला की सडा दणाणला. गंगाने तिच्या तोंडात बोट दिलं, हलवलं, थोपटलं. उपाशी पोर कसलं ऐकतंय.

बाबल्या हे रडणं ओळखत होता. आणि ते जीपमधून येत होतं.

करवंदीची जाळी हलली.

"येऊ नको," गंगा तोंडातल्या तोंडात म्हणाली.

बाबल्या बाहेर आला. हात अंगापासून लांब, रिकामे दिसतील असे.

"बघा," हवालदार ड्रायव्हरला म्हणाला. "आज पळाला नाही. म्हणजे नक्की काहीतरी आहे."

बाबल्याने तिकडे लक्षच दिलं नाही. तो जीपच्या मागे आला. गंगाने खालच्या आवाजात, थोडक्यात, सगळं सांगितलं.

"पोर घरी पोचलं?"

"पोचलं."

"खाण भरलेली हाय," तो म्हणाला.

मग आत चढला, सानवीला तिच्याकडून घेतलं आणि मांडीवर धरून बसला. जीप वळली. सानवी रडतच होती.