बोलका ड्रायव्हर

माप देताना माणूस खोटं बोलतो. शिवणयंत्रावर आयुष्य घालवून मी एवढं नक्की शिकले. कमरेभोवती टेप गेली की बायका पोट आत ओढतात, पुरुष छाती पुढे काढतात, आणि मी त्यांच्याकडे न बघता मनातल्या मनात दोन बोटं कमी-जास्त करून घेते. कपडा अंगाला बसतो आणि मग सगळे म्हणतात, काय हात आहे हो तुमचा.

म्हणून आमच्या ह्यांनी जेव्हा जाहीर केलं, की मला नवा ड्रायव्हर घ्यायचाय, तोही माप देऊन, तेव्हा मी म्हटलं, मीही येते. गोल्फमधलं मला फारसं कळत नाही. ड्रायव्हर म्हणजे पहिला, लांबचा फटका मारायची ती सगळ्यांत उंच काठी, पुढे मुठीहून मोठं पोकळ डोकं असलेली, एवढं संसार करता करता कानावर पडून ठाऊक झालेलं. ती आता उंचीला, हातांना, फटक्याच्या वेगाला जुळवून मिळते हे मात्र नवीन होतं. पण मला ड्रायव्हर बघायचाच नव्हता. मला ह्यांना बघायचं होतं. ह्यांच्या डोळ्यांचं काहीतरी बिनसलं होतं आणि हे मला सांगत नव्हते.

डॉक्टरांकडे एकटे जायचे. परत आले की "थेंब दिलेत" एवढंच. गाडी चालवायचं हळूच बंद केलं. म्हणे, शेजारी बसलं की रस्ता जास्त छान दिसतो. पेपर सोडला, म्हणे, त्यात असतं काय. चहा ओतताना कपाच्या काठावर बोट ठेवायचे. मी विचारलं नाही. सांडलेलं पुसलं, वाटेतलं स्टूल उचललं, मोज्यांच्या जोड्या आधीच लावून ठेवल्या, आणि आज सांगतील, उद्या सांगतील म्हणून वाट बघत राहिले. जीव नुसता टांगणीला लागला होता.

त्या दिवशी तर शर्टाची बटणं एक काज चुकवून लावली होती. एक बाजू वर, एक खाली, कॉलर मानेपाशी वाकडी. माझे हात नुसते शिवशिवत होते. पण बोलले नाही. मुकाट्याने गाडी काढली.

दुकानाच्या मागच्या अंगाला एक लांबट, बिनखिडकीची खोली होती. पायाखाली खोटं गवत आणि समोरची भिंतच्या भिंत झाकणारा, ताणून बसवलेला पांढरा पडदा. काठ्या जुळवून देणारा माणूस, त्याला तिथे फिटर म्हणत, पन्नाशीचा होता आणि झोपलेल्या बाळाच्या खोलीत बोलावं तसा बोलायचा. त्याने दिवे मंद केले आणि पडद्यावर एक मैदान उगवलं. दवाने भिजलेली हिरवळ, लांबवर झाडांची रांग, एक तळं, आणि कधीच दुपार न होणारी सकाळ. पान हलत नव्हतं. ढग तेवढे सरकत होते, इतके सावकाश की आपणच सरकतोय असं वाटावं. मी कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत बसले. ती अशी काही करकरली की दोघांनीही वळून बघितलं.

"खुर्ची जुनी आहे," फिटर माझी समजूत घालत म्हणाला.

"खुर्चीचा दोष नाही हो," हे म्हणाले. "तिच्यावर बसलंय कोण ते बघा."

फिटरने ह्यांच्या मनगटापासून जमिनीपर्यंत टेप लावली. ताणली नाही, सैलही सोडली नाही. त्याच्याबद्दल माझं मत तिथेच चांगलं झालं. त्याची नजर शर्टावर गेली, मग माझ्यावर आली, आणि तो काही न बोलता पंजा मोजायला लागला. आमच्या धंद्यातही असंच करावं लागतं. गिऱ्हाइकाचं जे दिसतं ते सगळं बोलायचं नसतं.

मग फटके सुरू झाले. फिटर छोट्या किल्लीने एका दांड्याचं डोकं काढायचा, दुसऱ्यावर बसवायचा, कट्ट झालं की काठी ह्यांच्या हातात. डोक्याच्या सपाट बाजूला एक पातळ कागद चिकटवलेला असायचा. चेंडू जिथे लागेल तिथे त्यावर गोल डाग उठायचा. खरा चेंडू पडद्यावर आपटून खाली पडायचा, पण आतल्या मैदानात तोच पुढे जात राहायचा, पांढरी रेघ ओढत, झाडांच्या शेंड्यांवरून, तळ्याच्या कडेने, आणि खूप वेळाने कुठेतरी टेकायचा. आवाज न करता. बघता बघता माझे डोळे जड झाले. वाटायला लागलं, उठावं, चपला हातात घ्याव्यात आणि त्या ओल्या हिरवळीवरून चालत जावं. चेंडूपाशी पोचावं. तिथे हे आधीच उभे असतील आणि म्हणतील, किती उशीर केलास, मी तुला लांबूनच येताना बघत होतो.

"बघा, अगदी सरळ," फिटर म्हणाला आणि मी खोलीत परत आले.

ह्यांनी मान हलवली. तेव्हा माझ्या लक्षात आलं. ह्यांची मान फिटर बोलल्यावर हलत होती. आधी नाही. पडद्यावर हातभर उंचीचे आकडे झळकत होते आणि हे फिटरच्या आवाजाकडे बघत होते.

"इथे फिरकी कमी झालीय, दिसतंय ना?"

"हो हो. दिसतंय की."

अंगाभोवती टेप असताना पोट आत ओढणारी माणसं मी ओळखते.

शेवटी फिटरने एक काळाभोर ड्रायव्हर पुढे केला. सगळे आकडे ह्याच्याच बाजूने आहेत म्हणाला. "डोकं मोठं आहे, वजन मागे टाकलेलं. फटका जरा इकडेतिकडे लागला तरी चेंडू भरकटू देत नाही. चुका पोटात घालतो म्हणा ना."

हे मारत राहिले. धप्. धप्. धप्. मग काठी खाली टेकवून म्हणाले, "हा नको."

"पण आकडे तर..."

"हा काही बोलतच नाही. कुठेही लागू दे, आपलं धप्. मला चुका पोटात घालणारा नकोय हो. बोलणारा हवाय. चुगलखोर."

फिटर गोंधळला. सगळी दुनिया जे मागायला त्याच्याकडे येत होती, नेमकं तेच ह्यांना नको होतं. माझा पारा चढला. "अहो, त्यांना कळतं त्यातलं. तुमचा हेका सोडा ना जरा."

"तू मध्ये पडू नकोस गं."

"बरं. मग मी आपली बाहेर जाऊन बसते," मी फणकारले.

फिटरला काहीतरी आठवलं. आत एक जुना पडलाय, आणतो, म्हणून तो गेला आणि दार आपोआप लागलं. मी उठणारच होते. पण तेवढ्यात पडद्यावरचा एक ढग तळ्यावर आला, पाणी हळूहळू सावळं झालं, आणि मी पर्स मांडीवर घेऊन तशीच बघत बसले.

फिटर आला तो एक जुना, फिकट पडलेला धातूचा ड्रायव्हर घेऊन. ह्यांनी तो हातात तोलला. म्हणाले, "पडदा बंद करता येईल?"

मैदान गेलं. झाडं, तळं, ढग, सगळं एकदम. उरलं नुसतं मंद उजेडात करडं दिसणारं कापड आणि एक लहानशी खोली. ह्यांनी फटका मारला आणि खणखणीत आवाज घुमला. हे क्षणभर ऐकत उभे राहिले.

"टोकाला लागला. डावीकडे गेला असता."

फिटरने कागद बघितला. डाग टोकाला होता. पुढचा फटका बसका, चिरका वाजला. "दांड्याच्या बाजूला. हा उजवीकडे, झाडीत." बरोबर. मग एक असा वाजला की माझ्याही पाठीतून काहीतरी सरकत गेलं, स्वच्छ, काचेसारखा. "मधोमध," हे म्हणाले आणि हसले. असं हसताना मी ह्यांना किती दिवसांत बघितलं नव्हतं.

"कमाल आहे," फिटर म्हणाला. "पण पडदा का नको?"

हे वळले. सरळ माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. "बायको बाहेर गेलीय तोवर सांगतो."

फिटरने माझ्याकडे बघितलं. मी ओठांवर बोट ठेवलं. का ठेवलं, मलाच कळलं नाही.

"मला चेंडू दिसत नाही हो," हे म्हणाले. "मधलं सगळं पुसलं गेलंय. कडेकडेचं दिसतं. जिथे बघावं नेमकं तिथेच धुकं. परत यायचं नाही म्हणतात डॉक्टर. घरी तिच्याकडे बघतो, तर केस दिसतात, खांदे दिसतात, चेहरा नाही. चेहरा मी आठवून बसवतो तिथे. आणि गंमत म्हणजे, तो दिवसेंदिवस तरुण होत चाललाय."

हे माझ्याच चेहऱ्याकडे बघत होते. मी ह्यांच्यापासून चार पावलांवर होते आणि इतकं एकटं मला जन्मात वाटलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि नाक ओढायचीही चोरी.

"खेळ सोडायचा नाहीये मला," हे म्हणाले. "चेंडू कुठेही जाऊ दे, शोधून देईल कोणीतरी. पण मारल्यावर, कुणी सांगेल म्हणून तोंडाकडे बघत उभं राहायचं, ते नको. माझी चूक मला कळू दे."

"मग हाच," फिटर नेहमीहून हळू आवाजात म्हणाला. "दांडा थोडा कापतो. आखूड झाला की मधोमध जास्त वेळा लागेल. आणि लोक आवाज दाबायला आत चिकट भराव घालून घेतात, तसलं मी काही घालणार नाही."

दांडा कापायचं यंत्र सुरू झालं. त्या आवाजाच्या आडोशाने मी उठले, बाहेर गेले, तोंड धुतलं आणि चपला वाजवत परत आले. "झालं का एकदाचं?"

"झालं," हे म्हणाले.

परतताना ड्रायव्हर मागच्या सीटवर आडवा पडला होता. ऊन उतरलं होतं, रस्ता मऊ पिवळा झाला होता, आणि मी कुठे वळतेय ह्याकडे माझंच लक्ष नव्हतं.

"ती खुर्ची करकरते," हे एकदम म्हणाले.

"कुठली?"

"तू बसलीस तेव्हा केवढ्याने करकरली. बाहेर जाते म्हणालीस, तेव्हा करकरायला हवी होती. नाही करकरली."

मी गाडी कडेला घेतली. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं, मी आत आहे?"

"हो."

"मग मला सरळ सांगायला काय धाड भरली होती?"

"समोरासमोर जमेना गं. रोज ठरवायचो." हे खिडकीकडे तोंड करून बसले. "आणि तू हूं की चूं करत नाहीस. मी सांडतो, तू पुसतेस. मी कशाला धडकलो, की दुसऱ्या दिवशी ते तिथून गायब. सगळं आपलं पोटात. मी कुठे चुकलो ते मला समजतच नाही. घरभर नुसतं धप्, धप्."

मला राग आला. इतके दिवस जपलं, त्याचं हे फळ. रडूही आलं, आणि ते मी लपवलं नाही. आवाज करून रडले. हे ऐकत होते. मग नाक पुसून मी ह्यांच्याकडे नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत.

"शर्टाची बटणं चुकलीयत," मी म्हणाले.

"कधीपासून?"

"सकाळपासून. एक काज खाली. त्या फिटरनेही बघितलं."

मला वाटलं, लागलं ह्यांना. मग ह्यांचे हात गळ्यापाशी गेले. एकेक बटण बोटांनी चाचपत सगळी काढली आणि वरपासून परत लावायला घेतली. वेळ लागत होता. शेजारून गाड्या जात होत्या. माझे हात पुढे जायला बघत होते, म्हणून मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं.

"आता?" ह्यांनी विचारलं.

"तिसऱ्याला चुकलात."

"हां," हे म्हणाले, आणि तिसऱ्यापासून पुन्हा उघडायला लागले.