काळ्या वड्यांची बरणी

नेदरलँड्समधल्या हार्लिंगन बंदरातल्या त्या घरात तीन महिने मीठ नव्हतं, पण भांडण रोज होतं.

बंदरातून बेटावर जाणारी फेरीबोट घरधनी उबेले चालवायचा. रक्तदाब उतरेना, म्हणून त्याला घरी बसवलं होतं. शुक्रवारच्या तपासणीत सुधारणा दिसली नाही, तर परवाना कायमचा जाणार होता. बायको रिंस्केने चीज बंद केलं, खारवलेले हेरिंग मासे बंद केले, बटाटे अळणी उकडले. तरी दाब होता तिथेच!

"खरं सांग, बंदरावर जाऊन हेरिंग हाणतोस ना?"

"अगं, वाससुद्धा घेतला नाही!"

"मग काय, दाब हवा खाऊन चढतो?"

रिंस्केने त्याच्या कोटाचे खिसेही हुंगून पाहिले होते.

शुक्रवारी दवाखान्यात हिल्त्ये नावाच्या जुन्या नर्सबाईंनी अहवाल उघडला. रिंस्केने तिथेही तोंड सोडलं, "बाई, हा चोरून खातो. तुम्हीच याचे कान उपटा!"

"मीठ किती खाल्लं ते लघवीच्या तपासणीत कळतं. यानं खरंच सोडलंय," हिल्त्येबाई शांतपणे म्हणाल्या. "पण रक्तातलं पोटॅशियम फार उतरलंय. उबेले, ज्येष्ठमधाच्या वड्या किती खातोस रे?"

उबेलेने बायकोकडे पाहिलं. रोज कॉफीबरोबर, जेवणानंतर, त्याचा हिरमोड होऊ नये म्हणून त्या काळ्या वड्यांची बरणी तीच पुढे करायची.

"पण त्यातल्या खारट वड्या मी बंद केल्या! मुद्दाम गोड आणते!" रिंस्के म्हणाली.

"दोष मिठाचा नाही गं, ज्येष्ठमधाचाच. तो अंगात मीठ-पाणी धरून ठेवतो, पोटॅशियम घालवतो आणि दाब चढवतो. आपल्याकडे सगळेच चघळतात, म्हणून कुणी सांगत नाही. आम्हीही तीन महिने विचारलं नाही. वड्या बंद करा, महिन्याने पुन्हा रक्त तपासू. परवान्याचा निर्णय तोवर थांबवायला डॉक्टरांना सांगते."

बाहेर येताच रिंस्केला रडू कोसळलं. "तुला चोर म्हटलं रे मी!"

"खिसे हुंगलेस," उबेले हसला, "बरणी तेवढी राहिली!"

महिन्याने दाब उतरला. उबेले पुन्हा बोटीवर चढला, तेव्हा धक्क्यावर सगळ्यात जोरात हात हलवणारी रिंस्केच होती.

मंडळी, घरच्या आजारी माणसावर आळ घेण्याआधी त्याचं रक्त काय म्हणतं ते ऐका. आणि डॉक्टरांपुढे किरकोळ म्हणून काही गाळू नका, आपण प्रेमाने भरवलेलं तर मुळीच नाही!